कशावरून?

माझे पप्पा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये 31 वर्षं स्टोअरकीपर होते. चिठ्ठीशिवाय त्यांनी एक बोल्ट बाहेर जाऊ दिला नाही. साहेबांचा निरोप घेऊन कुणी आलं तरी उत्तर एकच, "तोंडी चालत नाही, कागद दाखवा." घरीही तोच कायदा. शाळेच्या सहलीचे पैसे हवे असतील तर आधी सूचनेचा कागद. आणि कुणी काहीही सांगितलं की पहिला शब्द "कशावरून?"

गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांचा आजार कळला. वय पाहता ऑपरेशन नको, घरीच न्या, असं डॉक्टर म्हणाले. मग पलंग बाहेरच्या खोलीत आणला. जूनमध्ये तुकोबांची पालखी आकुर्डीहून पुण्याकडे निघते तेव्हा आमच्या बाजूने जाते. दरवर्षी पप्पा पाण्याची पिंपं घेऊन रस्त्यावर उभे असायचे. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आले, हे ते प्रत्येक पालखीला सांगायचे. या वेळी पडल्या पडल्या टाळांचा आवाज ऐकला. आवाज लांब गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, माझं तारण झालंय, हे कशावरून?"

तारण म्हणजे पापातून सुटका, देवाने आपल्याला स्वीकारणं. मी 22 वर्षं चर्चच्या रविवारच्या शाळेत हेच शिकवते. तरी माझ्या तोंडून भलतंच उत्तर निघालं. म्हटलं, "पप्पा, तुम्ही कुणाचा एक पैसा खाल्ला नाहीत. चर्चच्या मंडळीची पेटी इतकी वर्षं सांभाळलीत. कुणाकुणाच्या पोरांच्या फिया भरल्यात." त्यांनी मान हलवली. "ते जमेकडे आहे. तूटही आहे, ती तुला ठाऊक नाही."

आयुष्यभर स्टॉक मोजलेला माणूस. त्याला जमेची बाजू वाचून दाखवून काय उपयोग होता?

हा प्रश्न तेव्हाच का आला, तेही सांगायला हवं. आठवडाभर आधी एका नातेवाइकाने बाहेरगावचा एक उपदेशक घरी आणला होता. त्याने प्रार्थना केली, मग डोळे उघडून म्हणाला, "देवानं मला आत्ता सांगितलं, काकांचा विश्वास कमी पडतोय, म्हणून आजार उतरत नाही." वर एक आकडा सांगितला, तेवढं अर्पण करा म्हणाला. पप्पा क्षीण आवाजात म्हणाले, "देवानं तुम्हाला सांगितलं, मला कागद दाखवा." तो माणूस चिडून निघून गेला. पप्पांनी त्याला परत पाठवलं खरं, पण त्याचं वाक्य मनातून गेलं नाही. रात्री दोनदा विचारलं, "विश्वास कमी पडला तर?" मरणाच्या दारातल्या माणसाच्या उशाला असा काटा ठेवून जाणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आजही राग आहे, आणि तो मला लपवायचा नाही.

त्या दिवशी मी आजीचं बायबल काढलं. आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, वाढली. पोरकी होती, तिथेच अक्षर ओळखायला शिकली. तिचं बायबल पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या बायांना कळेल अशा मराठीत रमाबाईंनी ते केलं आणि मुक्तीच्याच छापखान्यात छापलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. सगळं पुस्तक छापून बाहेर आलं 1924 मध्ये.

रमाबाईंना हे इतकं महत्त्वाचं का वाटलं असेल? 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण दीड-दोन वर्षांतच तिथल्या सिस्टरांना त्यांनी पत्रातून ठणकावलं, की आपल्याकडच्या भटजींचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या कुणा धर्मगुरूंचं चढवून घेणार नाही. शास्त्रात जे आहे ते मानीन, पण माणूस सांगतो म्हणून मानणार नाही. हेच आमच्या पप्पांचं "कागद दाखवा".

आम्ही प्रॉटेस्टंट ख्रिस्ती 'केवळ शास्त्र', म्हणजे केवळ बायबल, म्हणतो ते एवढंच. बाकीची पुस्तकं जाळा, पाळकांचं ऐकू नका, असा त्याचा अर्थ नाही. मी स्वतः पाळकांच्या प्रवचनाच्या टिपणांवर वाढले. पण पाळक चुकू शकतात, सभा चुकू शकते, शेकडो वर्षांची चालही चुकू शकते, आणि चूक झाली की दाद मागायची शेवटची जागा म्हणजे बायबलचं वचन. 1521 च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या वर्म्स गावी सम्राटासमोर धर्मसुधारक मार्टिन लूथरला लिखाण मागे घ्यायला सांगितलं तेव्हा तो हेच म्हणाला, की शास्त्रातून किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवून द्या, तोवर मागे घेणार नाही. आणि मग नुसता अडून न बसता वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला असताना त्याने नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, जर्मनमध्ये आणला. 1522 च्या सप्टेंबरमध्ये तो छापूनही झाला. पुस्तक लोकांच्या हातात नसेल तर त्याचा अधिकार मानायचा कसा? अँग्लिकन मंडळीच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, 39 कलमांतलं सहावं कलम तर पप्पांना फार आवडायचं. जे शास्त्रात वाचायला मिळत नाही, किंवा शास्त्रावरून सिद्ध करता येत नाही, ते तारणासाठी आवश्यक आहे असं कुणाकडूनही मागू नये. त्या उपदेशकाला हे वाचून दाखवायला हवं होतं, हे मला तो गेल्यावर सुचलं.

तर मी बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र काढलं. आधी सहाव्या अध्यायाचं शेवटचं वचन. पापाचं वेतन मरण, पण देवाचं दान सार्वकालिक जीवन. पप्पांनी तिथेच थांबवलं. "वेतन आणि दान. दोन वेगळे शब्द आहेत ना?" मग चौथा अध्याय, काम करणाऱ्याची मजुरी कृपा म्हणून गणली जात नाही, ती देणं म्हणून गणली जाते. पगार हक्काचा. दानावर हक्क नसतो, ते फक्त घ्यायचं असतं.

मग तिसरा अध्याय. इथे मराठी शब्द फार मोलाचा आहे. बायबल म्हणतं, देव विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान 'ठरवतो'. ठरवणं हा निवाड्याचा शब्द आहे. न्यायाधीश आरोपीला निर्दोष ठरवतो तेव्हा त्या क्षणी त्याचा स्वभाव पालटत नाही, त्याचा खटला संपतो. आपला स्वभाव हळूहळू पालटतो, त्याला पवित्रीकरण म्हणतात, आणि ते मरेपर्यंत अपुरंच राहतं. देवाकडून होणारा आपला स्वीकार त्या अपुऱ्या कामावर टांगलेला असता, तर पप्पांची भीती खरी होती. पण तो टांगलाय वधस्तंभावर झालेल्या कामावर. तूट ख्रिस्ताने भरली.

"आणि विश्वास?" त्यांनी विचारलं. "तो कमी पडला तर?"

मी म्हटलं, "पप्पा, विश्वास म्हणजे पुढे केलेला हात. हात थरथरत असला म्हणून दान कमी होतं का?" उपदेशकाने नेमकं हेच उलटं केलं होतं. विश्वासालाच त्याने एक काम बनवलं, आणि त्या कामाचं माप स्वतःच्या हातात ठेवलं.

बायबलमधलंच याकोबाचं पत्र मी विसरलेले नाही. क्रियांवाचून विश्वास निर्जीव, हेही देवाचंच वचन आहे. झाडाला फळं येतात ती झाड जिवंत असल्यामुळे, फळं बांधून झाड जिवंत होत नाही. पप्पांनी भरलेल्या त्या फिया फळांच्या बाजूच्या होत्या. आमच्या शेजारच्या कॅथलिक काकूंशी या विषयावर माझं अनेकदा बोलणं होतं. त्यांच्या आणि लूथरन मंडळींच्या प्रतिनिधींनी 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गमध्ये नीतिमान ठरवण्याविषयी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, याचा आम्हा दोघींना आनंद आहे. सगळे मतभेद मिटले नाहीत. पप्पांसाठी पेज मात्र रोज त्यांच्याकडूनच यायची.

त्या संध्याकाळी पप्पा म्हणाले, "लिहून दे." मी वहीचं पान फाडून तीन वचनांचे आकडे लिहिले, रोमकरांस 3:24, 4:5, 6:23. त्यांनी चष्मा मागितला, आजीच्या बायबलमध्ये तिन्ही स्वतः पडताळून पाहिली. बराच वेळ लागला, पानं उलटायला बोटं वळत नव्हती. मग पेन मागितलं. कागदाच्या खाली, जिथे माल घेणारा सही करतो तिथे, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "मिळाले", आणि सही केली. घडी घालून तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. शेवटपर्यंत तो तिथेच होता. आता आजीच्या बायबलमध्ये, रोमकरांस पत्रापाशी आहे.