लिंकनच्या आजोबांचा माग: केंटकीचे कागद

अब्राहम लिंकन यांच्या वडिलांकडच्या घराण्याचा कागदोपत्री माग काढायचं माझं काम आता व्हर्जिनिया ओलांडून केंटकीत आलं आहे. त्यांच्या आजोबांचं नावही अब्राहमच. ते मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या सैन्यदलात, कॅप्टन होते, म्हणून घोळ नको यासाठी त्यांना इथे कॅप्टनच म्हणतो. त्या भागात तेव्हा जन्म-मृत्यूची सरकारी नोंद नव्हती. माणूस सापडतो तो जमीन घेता-विकताना, लग्न ठरताना, आणि मेल्यावर मागे राहिलेलं सामान मोजलं जाताना.

फेब्रुवारी १७८० मध्ये कॅप्टननी व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतली, लिनव्हिल क्रीकवरची २५० एकर जमीन ५,००० पौंडांना विकली. आकडा पाहून त्यांना श्रीमंत ठरवू नका. स्वातंत्र्ययुद्धाच्या त्या वर्षांत कागदी चलन पार घसरलं होतं. मला त्या व्यवहाराचं शेपूट जास्त मोलाचं वाटलं. नवरा गेल्यावर त्याच्या एक तृतीयांश जमिनीवर बायकोचा हयातभर हक्क असे, त्यामुळे विक्रीला तिची संमती वेगळी, नवऱ्याच्या पाठीमागे विचारून घेत. बाथशीबाची ती संमती १७८१ मधली आहे. एका कागदात बायकोचं नाव मिळालं, आणि जमीन विकूनही कुटुंब लगेच हललेलं नव्हतं हेही कळलं.

विक्रीच्या पुढच्याच महिन्यात कॅप्टननी १६० पौंड भरून ४०० एकरांचं ट्रेझरी वॉरंट, म्हणजे तेवढी सरकारी जमीन मिळवण्याच्या हक्काचा कागद, घेतलं. शंभर एकरांना ४० पौंड हा व्हर्जिनियाचा तेव्हाचा सरकारी दर, हिशेब चोख जुळतो. पण वॉरंट म्हणजे जमीन नव्हे. आधी वॉरंट, मग जागा सांगणारी एंट्री, मग मोजणी, आणि शेवटी पेटंट, म्हणजे मालकीचं सरकारी पत्र. नवशिके बहुतेक पेटंटवर थांबतात, कारण सूचीत तेच आधी दिसतं. माझा आग्रह आहे की मोजणीचा कागद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. केंटकीत, जेफरसन काउंटीतल्या लाँग रन ओढ्यावरची ही मोजणी मे १७८५ मध्ये झाली. कागदावर नाव ‘लिंकहॉर्न’ असं आहे, आणि मोजणीची साखळी धरणाऱ्यांत हनानिया आणि जोसाया हे दोन लिंकन आहेत. जोसाया म्हणजे कॅप्टनचा मुलगा. साखळी धरायला घरचे किंवा शेजारचेच लोक येत, म्हणून ही नावं नातेसंबंधांची खाण असतात.

वर्षभरातच, मे १७८६ मध्ये, शेतात काम करत असताना झालेल्या, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात कॅप्टन मारले गेले. मृत्युपत्र नव्हतं. प्रोबेटचे, म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या निवाड्याचे, कागद जेफरसनमध्ये शोधाल तर हाती काही लागणार नाही. विधवा बाथशीबा मुलांना घेऊन बीच फोर्कच्या बाजूला सरकली, आणि मालमत्तेचा व्यवस्थापक १७८८ मध्ये नेल्सन काउंटीच्या कोर्टाने नेमला. सामानाच्या यादीत घोडे आहेत, गायी-वासरं आहेत, बंदुका आहेत, अवजारं आहेत. जमीन मात्र एक एकरही नाही.

मी याच जागी सर्वांत जास्त रेंगाळलो. प्रोबेटची यादी फक्त जंगम मालाची असते. जमीन कायद्याने थेट वारसाकडे जाते. आपल्याकडच्या फेरफारासारखी सगळ्या वारसांची नावं एका जागी मिळतील, ही आशाच सोडावी. त्यातून व्हर्जिनियात, आणि केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता, मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला मिळे. ही प्रथा मोडून सर्व मुलांना सारखा वाटा देणारा कायदा १७८५ मध्ये मंजूर झाला, पण लागू झाला १ जानेवारी १७८७ पासून. कॅप्टन गेले त्याच्या जेमतेम आठ महिने आधी. त्यामुळे जमीन थोरल्या मॉर्डेकायची झाली, आणि धाकट्या थॉमसला, म्हणजे लिंकन यांच्या वडिलांना, त्यातलं काहीच आलं नाही. एखाद्या मुलाचं नाव वडिलांच्या जमिनीत दिसलं नाही म्हणून तो त्यांचा मुलगाच नव्हे असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी ही तारीख पाहावी. थॉमसची पहिली जमीन १८०३ मधली, हार्डिन काउंटीत मिल क्रीकवरची २३८ एकर, आणि ती स्वतःच्या पैशाने घेतलेली आहे.

थॉमसच्या लग्नाचा कागद लिंकन यांच्या हयातीत पुढे आला नव्हता, आणि आईवडिलांचं लग्नच झालं नसल्याच्या अफवा पसरल्या. नवरा-बायको राहत होते हार्डिनमध्ये. पण लग्नाचा बाँड वधूच्या काउंटीत होत असे, आणि नॅन्सी हँक्स होती वॉशिंग्टन काउंटीत. ही काउंटी १७९२ मध्ये नेल्सनमधूनच निघालेली. बाँडवर १० जून १८०६ ही तारीख, रक्कम ५० पौंड, सह्या थॉमसची आणि रिचर्ड बेरीची. हा झाला लग्नात कायदेशीर अडथळा नसल्याचा जामीन. लग्न प्रत्यक्ष लागल्याचा पुरावा धर्मगुरू जेसी हेड यांनी कोर्टाला दिलेल्या यादीत आहे: १२ जून. दोन्ही मिळाल्याशिवाय मी नोंद पक्की धरत नाही.

आता नॅन्सीच्या आईकडे वळतो आहे. लूसी हँक्स आणि हेन्री स्पॅरो यांचा १७९० चा बाँड मर्सर काउंटीत आहे, आणि त्यासोबत आपण सज्ञान असल्याचं लूसीने स्वतः लिहून दिलेलं पत्रही. नॅन्सी लूसीचीच मुलगी, हे २०१५ मध्ये आईकडूनच मुलांत येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या तपासणीतून पुढे आलं. तरी मला आधी मर्सरची करयादी वर्षावार लावायची आहे. हँक्स आणि स्पॅरो कोणाच्या शेजारी राहत होते, ते तिथून कळेल.