महालाच्या बागेतून निघालेली छोटी लाइन

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या आजोबांना, म्हणजे अप्पांना, सगळे 'मालबाबू' म्हणत. नोकरी छोट्या लाइनवर, येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची नोंद ठेवायची. नॅरोगेज हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नसे. दिल्ली-मुंबईची ती मोठी लाइन आणि आपली ती छोटी लाइन, एवढंच.

मी दुसरीत असेन. अप्पा मला यार्डात घेऊन गेले आणि दप्तरातली लाकडी फूटपट्टी काढायला लावली. मी ती रुळांच्या मध्ये स्लीपरवर ठेवायला गेलो तर म्हणाले, "खाली नको. खाली रुळाचा पाया रुंद असतो, माप कमी भरेल. डोक्यापाशी मोज." मग त्यांनी खिशातून सुतळी काढली. एक टोक मी या रुळाच्या डोक्याच्या आतल्या कडेला दाबून धरलं, दुसरं त्यांनी समोरच्या रुळाला. चिमटीत पकडलेली ती सुतळी आम्ही पट्टीवर मोजली. एक पट्टी, आणखी एक पट्टी, संपली. दोन फूट. "एवढ्याच रुंदीवर गाडी श्योपूरपर्यंत जाते," अप्पा म्हणाले, "आणि सुरू कुठून झाली सांगू? महाराजांच्या बागेतून."

हे खरं आहे. १८९३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी महालाच्या आवारात दोन फुटी रूळ टाकून घेतले. तेव्हा त्यांचं वय सोळा-सतरा. वडील जयाजीराव १८८६ मध्ये गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, आणि राज्याचा पूर्ण अधिकार हाती आला तो १८९४ मध्ये. म्हणजे कारभार हाती येण्याच्या आदल्याच वर्षी हे रूळ आले. इंजिन ते स्वतः चालवत. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडहून निघालेल्या घराण्याचा हा वंशज घोड्याइतकाच इंजिनावरही रमत होता, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे.

लोक या गाडीला राजाचं खेळणं म्हणतात. मला हे पटत नाही. नुसती हौस असती तर ती बागेच्या कुंपणातच राहिली असती. इथे सहाच वर्षांत तिची रेल्वे झाली. डिसेंबर १८९९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ग्वाल्हेरला आले आणि त्यांच्या हस्ते ग्वाल्हेर लाइट रेल्वेचं रीतसर उद्घाटन झालं. एक फाटा भिंडकडे, दुसरा शिवपुरीकडे. तिसरा जौरा, कैलारस, सबलगड असं करत पुढे सरकत राहिला आणि १९०९ मध्ये श्योपूरला पोचला. जवळजवळ दोनशे किलोमीटर, तेही चंबळच्या मुलखातून. आणि माप तेच, बागेतलं, दोन फुटांचं.

त्या मापाचा फायदा अप्पा समजावून सांगायचे. रूळ हलके, वळण आखूड घेता येतं, भराव आणि पूल अरुंद चालतात, म्हणून खर्च कमी. मोठ्या लाइनचं माप साडेपाच फूट. त्या मापाने ही गावं जोडायची म्हटली असती तर संस्थानाला किती पिढ्या लागल्या असत्या कोण जाणे. पण त्याची किंमतही होतीच, आणि ती अप्पांच्या खात्यात पडायची. छोट्या लाइनचा डबा मोठ्या लाइनवर जाऊ शकत नाही. सबलगडहून आलेलं प्रत्येक पोतं ग्वाल्हेरला उतरवायचं, हमालाच्या पाठीवरून पलीकडे न्यायचं आणि दुसऱ्या डब्यात चढवायचं. मोहरीची पोती, गव्हाची पोती. अप्पा दिवसभर वहीत पाच-पाचच्या रेघा ओढत. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला मोहरीचा वास यायचा. आजी तो सदरा वेगळा भिजत घालायची.

१९४२ मध्ये या रेल्वेचं नाव सिंधिया स्टेट रेल्वे झालं. १९५१ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला), निझाम स्टेट आणि धोलपूर या रेल्वेंबरोबर ती मध्य रेल्वेत सामील झाली. मुंबईच्या माझ्या मित्रांना मी हे आवर्जून सांगतो. ज्या मध्य रेल्वेच्या लोकलला ते रोज लटकतात, तिच्यात थोडा वाटा आमच्या बागेतल्या गाडीचाही आहे.

महाराजांच्या जयविलास महालातल्या संग्रहालयात चांदीची गाडी आहे, ती पाहायलाच माणसं गर्दी करतात. इंग्लंडच्या बॅसेट-लोक कंपनीने बनवलेली, जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी. इंग्रजीत सिंधिया लिहायला सात अक्षरं लागतात, म्हणून डबे सात आणि प्रत्येकावर एक अक्षर. पाहुण्याने काचेची सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. सुंदर आहे, मीही दर वेळी तिच्यापाशी उभा राहतो. पण ग्वाल्हेरची गाडी म्हणून सगळ्यांना तेवढीच ठाऊक असावी, याचं वाईट वाटतं. चांदीच्या गाडीत सिगार आणि मद्य फिरलं. आमच्या गाडीतून बाळंतीण माहेरी गेली, पोरं कॉलेजात शिकली, मोहरी बाजाराला पोचली.

शिवपुरीचा फाटा माझ्या आठवणीच्या आधीच बंद झाला, भिंडचा मोठ्या लाइनचा झाला. उरला तो श्योपूरचा. डिसेंबर २०१९ मध्ये मी त्या गाडीने सबलगडपर्यंत गेलो. पुढे चित्तरंजनमध्ये बनलेलं छोटं डिझेल इंजिन. डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा. छतावर पोरं बसलेली, गाडी झाडाखालून जायला लागली की वरून एकदम "झुको!" असा ओरडा व्हायचा आणि पत्र्यावर धडधड वाजायचं. जौऱ्याला एक बाई गजकची, म्हणजे तीळ-गुळाच्या खुसखुशीत मिठाईची, टोपली घेऊन चढली. माझ्या हातातली जुनी लाकडी पट्टी पाहून तिने विचारलं, "मास्टर हो क्या?" मी सांगितलं, आजोबा याच लाइनवर मालबाबू होते. तिने गजकचा एक तुकडा पट्टीवरच ठेवला आणि पैसे घेतले नाहीत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली ती थांबलीच. आता तिथे मोठी लाइन होते आहे, आणि ती व्हायलाच हवी. श्योपूरच्या माणसाने दिवसभराचा प्रवास किती पिढ्या करायचा? मागणं एवढंच आहे की उखडलेल्या रुळांपैकी थोडे ग्वाल्हेरात, एखाद्या बागेत, पुन्हा जमिनीवर टाकावेत आणि त्यावर एक इंजिन आणि दोन डबे चालते ठेवावेत. माझी नात यंदा दुसरीत गेली आहे. पट्टी आणि सुतळी मी जपून ठेवली आहे.