निळीचे डाग

रायफल हाती आली तेव्हा मोहफुलं पडायला लागली होती. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावांत या दिवसांत बाया अंधारातच टोपल्या घेऊन जंगलात शिरतात. वाकून फुलं वेचणारं माणूस वाघ-बिबट्याला दुरून चार पायांच्या जनावरासारखंच दिसतं. मोहफुलं संपली की लगेच तेंदूपत्ता. म्हणजे आमच्या वन्यजीव बचाव पथकाचे वर्षातले सगळ्यात कठीण दिवस तोंडावर होते आणि जुन्या रायफलीची झडप दिवाळीपासून धड बसत नव्हती. या नव्या पेटीची मी फार वाट पाहिली होती.

मी पशुवैद्यक आहे. आमची रायफल गोळी झाडत नाही, कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर गुंगीचं औषध भरलेली सुई फेकते. गावात तिला ‘इंजेक्शनची बंदूक’ म्हणतात. मला हे नाव आवडतं, कारण त्यात इंजेक्शन आधी येतं.

पेटीसोबतच्या पत्रात एक ओळ होती: रायफल मिळाल्याचा व ती वापरासाठी सज्ज असल्याचा अहवाल पाठवावा. ‘मिळाली’ हे मी त्याच दुपारी लिहिलं. ‘सज्ज’साठी साहेबांकडून दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच क्वार्टरच्या मागे, मातीच्या जुन्या भिंतीला टेकवून तणसाची पोती रचली. त्यांवर पांढरी चादर ताणून बांधली. टेप धरून १०, १५, २०, २५ आणि ३० मीटरवर चुन्याच्या रेघा मारल्या. भिंतीपलीकडे कुणी जाऊ नये म्हणून एक वनरक्षक उभा केला.

सुईत औषधाऐवजी निळीचं पाणी भरलं. कारण सांगते. या सुईला दोन कप्पे असतात. पुढच्यात औषध, मागच्यात आपण दाबून भरलेली हवा. सुईचं छिद्र टोकाला नसतं, बाजूला असतं, आणि त्यावर रबराची बारीक नळी चढवलेली असते. सुई कातडीत घुसली की नळी मागे सरते, छिद्र उघडं पडतं आणि मागची हवा औषध आत ढकलते. म्हणजे सुई नेमकी लागली तरी नळी अडकली तर जनावराला नुसतं टोचून होतं. ते बिथरतं, आणि औषध सुईतच राहतं. चादरीवर निळा डाग उमटला तरच सुई लागली असं धरायचं, हा माझा नियम. सुई रिकामीही मारायची नाही. भरलेल्या सुईचं वजन वेगळं, तिची झेप वेगळी.

पेटीतल्या तक्त्याप्रमाणे दाब ठेवून १० मीटरवरून पहिली सुई मारली. मधोमध लागली. १५ वरून चार बोटं खाली. २० वरून वीतभर खाली. पुन्हा १० वर आले, तर आता तिथूनही सुई खाली जायला लागली. दुर्बीण हलली असणार असं वाटलं आणि मी तिचा स्क्रू फिरवायला पाना हातात घेतला.

आमचे वनमजूर काका बाजूलाच उकिडवे बसले होते. नोकरीआधी त्यांनी बरीच वर्षं शेतातल्या मोटारी आणि फवारणीचे पंप दुरुस्त केले आहेत. ते म्हणाले, “मॅडम, दुर्बिणीले हात नका लावू. हिचा श्वास जाऊन रायला जी.”

मला काहीच ऐकू येत नव्हतं. काकांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला झडपेशी कान लावायला सांगितलं. अगदी बारीक, सापाच्या फुत्कारासारखा आवाज. दाब भरून घड्याळ लावलं तर ५ मिनिटांत दाबमापकाचा काटा खाली सरकला. साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून सांधे पुसले आणि सिलिंडर बसतो त्या गळ्याशी फुगे धरले. खोलून पाहिलं. आतल्या रबरी कड्याला नखाने ओरखडल्याएवढी चीर होती.

पेटीच्या झाकणात सुटी कडी होती. काकांनी जुनं कडं लाकडी काडीने काढलं, लोखंड लावू दिलं नाही. नव्या कड्याला सिलिकॉनचं ग्रीस बोटाने चोळलं आणि ते बसवलं. यानंतर काटा १० मिनिटं जागचा हलला नाही.

तो पाना मी फिरवला असता तर काय झालं असतं, याचा विचार अजून येतो. गळक्या दाबावर दुर्बीण जुळली असती, त्या दिवशी सुया मधोमध लागल्या असत्या आणि मी निर्धास्त झाले असते. पुढे कधीतरी कुणी कडं बदललं असतं आणि पुढची सुई पूर्ण दाबाने, भलत्याच जागी गेली असती. मांडीच्या जाड स्नायूऐवजी पोटात किंवा बरगडीवर. जास्त दाबाची सुई हाड मोडू शकते. कमी दाबाची नुसती आपटून पडते, आणि मग चवताळलेल्या जनावरासमोर गर्दी उभी असते.

कडं बसवल्यावर पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. २५ मीटरपर्यंत पोचलो. एका सुईचा डाग उमटलाच नाही, तिची नळी चिकटली होती. ती बाजूला टाकली.

३० च्या रेघेवर जाणार तेवढ्यात फोन आला. एका गावात पहाटे बकऱ्यांमागे आलेला बिबट गोठ्यात शिरला होता, घरधन्याने बाहेरून दार लावून घेतलं होतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली लागणारी परवानगी नागपूरहून आली होती. पोरांनी नवी रायफल जीपमध्ये ठेवली. मी ती उतरवली.

“मॅडम, नवी असून काऊन नाही नेत?” एकाने विचारलं.

“तिची परीक्षा अर्धी झाली आहे,” मी म्हटलं. शिवाय गोठ्यात अंतर किती असणार? सात-आठ पावलं. तेवढ्या जवळून रायफलीचा मार बिबट्याला सोसत नाही. तिथे फुंकनळीच बरी.

गोठ्याचं एक कवेलू सरकवलं. आत गव्हाणीमागे तो दबून बसला होता. फुंकनळीतून मांडीत सुई गेली. मग १५ मिनिटं सगळं गाव गप्प ठेवणं, हे त्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम होतं. सरपंचबाईंनी ते केलं. तो झोपल्यावर डोळ्यांत मलम घातलं, कारण या औषधाने डोळे उघडेच राहतात, आणि वरून फडकं बांधलं. अंग तापत होतं म्हणून मांड्यांवर पाणी ओतत राहिलो. गोठ्याची मालकीण दारातून विचारत होती, “मरन त नाही ना जी तो?” तिच्या दोन बकऱ्या त्याने मारल्या होत्या. पिंजऱ्यात घेऊन उतारा दिला तेव्हा दिवस मावळला होता.

उरलेलं काम दुसऱ्या दिवशी केलं, आणि मुद्दाम दोनदा: पहाटे, मग भर दुपारी. ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांना शिवतो. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात राहतच नाही, आणि उन्हातल्या जीपमध्ये आतला दाब झपाट्याने चढतो. भरून ठेवलेल्या रायफलीचा काटाही उन्हात हळूच वर सरकतो. पहाटेचे आणि दुपारचे आकडे वेगवेगळे निघाले, ते दोन रकान्यांत लिहिले. तो कागद पेटीच्या झाकणात, कंपनीच्या तक्त्यावर चिकटवला. सिलिंडर आता माठाशेजारी सावलीत असतात आणि दाब सुई मारायच्या ऐन वेळीच भरायचा, असं ठरलं आहे.

‘सज्ज’ हा शब्द त्या संध्याकाळी लिहिला. चादर काकांनी धुऊ दिली नाही. ती घडी घालून पेटीत रायफलीखाली ठेवली आहे, आणि दर सोमवारी पोत्यांवर बांधली जाते.