पुनरुज्जीवन म्हणे

सकाळपासून एक शब्द घशात अडकलाय. पुनरुज्जीवन. पुण्याच्या भिडे वाड्याबद्दल कुणीतरी अगदी सहज वापरला, जोतिराव-सावित्रीबाई फुल्यांची मुलींची पहिली शाळा भरली तो वाडा. दगडूशेठसमोरचा तो वाडा २०२३च्या डिसेंबरात एका रात्रीत भुईसपाट झाला, आता तिथे स्मारक. स्मारक व्हायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण वाडा उतरवणं वेगळं आणि पाडणं वेगळं.

उतरवायचा तर आधी प्रत्येक लाकडावर नंबर. मजला, खण (दोन खांबांमधला गाळा), दिशा: १/३/पू. रंगाने लिहिलं तर पहिल्या पावसात जातं, म्हणून पत्र्याची चकती, तीही जोडणीनंतर झाकली जाणाऱ्या बाजूला. मग कौलं, वासे, कडीपाट (कड्या-फळ्यांचं छत), तुळया, खांब, खांबांखालचे दगडी तळखडे शेवटी. उभं करताना हाच क्रम उलटा. तुळई मधोमध सहसा कुजत नाही. कुजतात ती भिंतीत शिरलेली टोकं, कारण पुढे कधीतरी वरून सिमेंट थापलेलं असतं. ओल आत कोंडते, भिंतीला लोणा लागतो (क्षार फुटून ती झडते), लाकडाला वाळवी. टोक कापून जुन्या सागाचा सांधा द्यावा, अख्खी तुळई कशाला फेकायची? चुना दोन-तीन आठवडे तरी मुरलेला हवा. एकास दोन-तीन वाळू-सुरकी (विटांची पूड). थर बोटभरापेक्षा जाड नको, वर आठवडाभर तरी ओलं गोणपाट. घाई केली की तडे.

हे येणारी माणसं अजून आहेत. विचारतंय कोण! कागदावर चुन्यापुढे ‘किंवा समकक्ष’ असतं, आणि समकक्ष म्हणजे सिमेंट, ते सगळ्यांना ठाऊक. जाऊ दे.

पण नंबर. यंत्र लागलं की नंबर टाकायला काही उरतच नाही. पुन्हा तिथेच येतोय मी. अर्थात, इतकी वर्षं कोर्टात गेलेल्या छपराखाली धड तुळया किती निघाल्या असत्या, हाही प्रश्नच. भाडेकरू, दुकानं... असो.

आणि शाळा तरी कुठे त्या तुळयांना धरून बसली होती? १८४८ला भिडे वाड्यात भरली. १८५१च्या ३ जुलैला जोतिरावांनी मुलींची शाळा काढली ती चिपळूणकरांच्या वाड्यात. तुळया काही सोबत गेल्या नव्हत्या. शब्दाला उगीच धरून बसलोय झालं.

चकत्यांसाठी पत्रा मात्र कापून ठेवलाय. खिळे तांब्याचे. लोखंडी गंजतात, आणि सागावर काळा डाग पाडतात.