भुरकट गोंडाइट आणि युरोपियमचं टोक

एमएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांनी भूजल घेतलं. विहिरींची पातळी मोजायची, पाणी तपासायचं, नकाशा काढायचा. काम ठरलेलं असतं आणि पुढे नोकरीतही चालतं. मी सौंसर गट नावाच्या इथल्या जुन्या खडकसमूहातलं मँगनीज घेतलं. नागपुरात राहून मनसर, कांद्री, गुमगाव एका दिवसात करून येता येतं, हे खरं कारण. सिनॉप्सिसमध्ये मात्र 'प्रोटेरोझोइक समुद्राच्या रासायनिक स्थितीचा वेध' असं भारदस्त लिहिलं. (प्रोटेरोझोइक म्हणजे सुमारे अडीच अब्ज ते चोपन्न कोटी वर्षांपूर्वीचा काळ.) हे काम नेमकं कसं पार पडतं ते पुढच्या बॅचची मुलं विचारत असतात, म्हणून लिहून ठेवतेय.

हा पट्टा नागपूर-भंडाऱ्यापासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंत पसरलाय. भूवैज्ञानिक फर्मर ह्यांनी १९०९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मेमॉयरमध्ये त्यावर इतकं बारकाईनं लिहून ठेवलंय की आजही सुरुवात तिथूनच करावी लागते. स्पेसारटाइन, म्हणजे मँगनीजवालं गार्नेट, आणि क्वार्ट्झ मिळून झालेल्या खडकाला गोंड समाजावरून 'गोंडाइट' हे नाव त्यांनीच दिलं. समुद्रतळावर मँगनीजचा गाळ बसला, त्यात कुठे माती मिसळली, कुठे वाळू. पुढे सगळंच खोल दाबाखाली तापून निघालं. मातीवाळूची भेसळ जास्त होती तिथे गोंडाइट झाला, कमी होती तिथे ब्राउनाइटसारखी धातुकं. इथवर फारसा वाद नाही.

वाद आहे तो मँगनीज त्या समुद्रात आलं कुठून, ह्यावर. लोखंड आणि मँगनीज पाण्यात बरेचसे सारखे वागतात. फरक एवढाच की थोडासा प्राणवायू मिळाला तरी लोखंड आधी खाली बसतं आणि मँगनीज विरघळलेलंच राहतं. त्यामुळे प्राणवायू नसलेल्या खोल पाण्यात ते साठत जातं, आणि ते पाणी उथळ, हवेशीर भागाकडे चढलं की काळा गाळ बसतो. काळ्या समुद्राच्या खोल पाण्यात आजही असं विरघळलेलं मँगनीज आहे. दुसरी शक्यता समुद्रतळातल्या गरम झऱ्यांची. दोन्हींच्या खुणा खडकातल्या किरकोळ मूलद्रव्यांत शोधायच्या, एवढंच माझं काम होतं.

परवानगीचे अर्ज, विभागाचं पत्र, विम्याची झेरॉक्स, हेल्मेट-बूट ह्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. वेळ लागतो, मिळते. नमुने घेताना मात्र खाणीतल्या लोकांना मी जरा वेडसर वाटले असणार. सोबत दिलेले मेट, म्हणजे मुकादम, काका चकचकीत, पोलादी काळं धातुक दाखवत होते आणि मी थराच्या कडेचा राखट-तपकिरी गोंडाइट फोडत बसले होते.

"मॅडम, हे भुरकट कायले उचलून राहिल्या? चांगला माल तिकडं हाये ना जी."

"काका, मला विकायचा नाही, तपासायचाय."

"मंग तं तुमाले परवडन," म्हणाले आणि स्वतःच घण घेऊन मला ताजा तुकडा काढून दिला.

त्या भुरकटपणालाच किंमत होती. पृष्ठभागाजवळचं मऊ, हाताला काळं लागणारं धातुक म्हणजे पावसाच्या पाण्यानं पुन्हा घडवलेलं पायरोलुसाइट आणि क्रिप्टोमेलेन. ते त्या जुन्या समुद्राबद्दल फार कमी सांगतं, इथल्या मातीपाण्याबद्दल जास्त. गोंडाइटमध्ये उलट मूळ गाळातली माती गार्नेटच्या रूपानं अडकून राहिलेली असते. तरी तुलनेसाठी मी दोन्ही घेतले. प्रत्येक तुकड्यावर मार्करनं नंबर, पिशवीत चिठ्ठीवर तोच नंबर आणि डायरीत थराची दिशा आणि उतार. पिशवी कापडीच घ्यावी. प्लास्टिकला आतून घाम येतो आणि चिठ्ठी विरघळते.

दळण्याची गोष्ट नीट वाचा. आमच्या इथे टंगस्टन कार्बाइडची मिल होती, झटपट पीठ होतं. पण कार्बाइडला बांधून ठेवायला कोबाल्ट वापरतात, ते पिठात उतरतं, आणि मँगनीजच्या उगमासाठी जे त्रिकोणी आलेख काढतात त्यांत कोबाल्ट-निकेल-तांबं हाच एक कोपरा असतो. म्हणून सगळं अगेटच्या खलात, हातानं. गार्नेट दळताना मनगटाचं काय होतं ते दळणारालाच कळतं.

एक्सआरएफचे, म्हणजे क्ष-किरणांनी खडकातले घटक मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे आले तेव्हा काळ्या नमुन्यांतल्या घटकांच्या टक्क्यांची बेरीज शंभर होईना. गोंडाइट ९९ च्या आसपास, आणि पायरोलुसाइटवाले ९४-९५ वर अडलेले. ह्याचं उत्तर भट्टीत आहे. खडकातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड किती ते कळावं म्हणून पीठ हजार अंशांपर्यंत तापवून वजनातली घट मोजतात आणि तीही बेरजेत धरतात. मँगनीज डायऑक्साइड तापलं की त्यातला प्राणवायूही सुटतो. शुद्ध पायरोलुसाइटचं वजन अशा वेळी १२ टक्क्यांहून थोडं जास्त घटतं, आणि त्यात पाण्याचा थेंब नसतो. वर तक्त्यात सगळं मँगनीज सर्वांत कमी प्राणवायूच्या ऑक्साइडच्या रूपात लिहायची पद्धत आहे, पण भट्टीतून निघालेल्या पदार्थात त्याहून जास्त प्राणवायू शिल्लक असतो. तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. हिशेब मांडला तर बेरीज ९४ च्या जवळ येते. म्हणजे आकडे बरोबर होते, रकाने अपुरे होते.

मग आम्लात विरघळवणं. टेफ्लॉनच्या भांड्यांत हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्ल, तासन्‌तास हॉटप्लेट. धातुकाचे नमुने तळाशी काळा गाळ धरून बसले, नायट्रिकला ते दाद देत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकले की फसफस होते आणि काळं द्रावण डोळ्यांदेखत पाण्यासारखं नितळ होतं. गार्नेट मात्र हट्टी. ते उघड्या भांड्यात पूर्ण विरघळत नाही, आणि दुर्मीळ मृदा, म्हणजे एकमेकांसारखी वागणारी लँथॅनम गटातली मूलद्रव्यं, त्यांतली जड त्याच्याच पोटात असतात, म्हणून गोंडाइट बंद भांड्यात जास्त वेळ ठेवावे लागले. मोजणी बाहेरच्या प्रयोगशाळेत आयसीपी-एमएसवर झाली, म्हणजे द्रावण तप्त प्लाझ्मात सोडून अणू वस्तुमानानुसार मोजणाऱ्या मशीनवर. तारखा तीनदा पुढे ढकलल्या गेल्या, फोन कुणी उचलेना, असो. नमुन्यांसोबत अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं नॉड-पी-१ हे प्रमाण पीठ मी नाव न सांगता पाठवलं होतं. पॅसिफिकमधल्या मँगनीज गोळ्यांचं ते पीठ, त्याचे आकडे छापलेले आहेत. ते जुळले म्हणून बाकीचे मानले.

आणि काळ्या नमुन्यांच्या दुर्मीळ मृदांच्या आलेखात त्यांच्यातल्याच युरोपियमचं मस्त टोक आलं. गरम झऱ्यांची खूण म्हणून पुस्तकात दाखवतात तसंच. वर्गातल्या मित्रानं पेपरचं नावसुद्धा सुचवून टाकलं. गाइड मॅडमनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "बेरियम किती आहे गं?"

भरपूर होतं. मँगनीजच्या काही खनिजांच्या रचनेत लांब पोकळ नळ्या असतात आणि बेरियम त्यांत जाऊन बसतं. हॉलंडाइट तर बेरियमचंच. मशीनच्या प्लाझ्मात बेरियमला प्राणवायू चिकटला की त्या जोडीचं वस्तुमान नेमकं युरोपियमइतकं भरतं, १५१ आणि १५३, दोन्ही ठिकाणी. दुरुस्ती केली नाही तर बेरियमच युरोपियम म्हणून मोजलं जातं. मी बेरियमसमोर युरोपियम मांडलं, ठिपके जवळजवळ सरळ रेषेत उभे राहिले. प्रयोगशाळेकडून दुरुस्त आकडे मागवले तेव्हा टोक खाली बसलं. आणि नॉड-पी-१ कसं पास झालं? त्यात युरोपियम मुळात भरपूर असतं आणि त्या मानानं बेरियम माझ्या नमुन्यांइतकं नसतं, म्हणून त्याला ही भेसळ जाणवलीच नाही.

उरलं सेरियम, दुर्मीळ मृदांपैकीच आणखी एक. प्राणवायूवाल्या पाण्यात सेरियम मँगनीजच्या ऑक्साइडला जाऊन चिकटतं, म्हणून खोल समुद्रात सावकाश वाढणाऱ्या गोळ्यांत ते जास्त आढळतं. माझ्या ताज्या गोंडाइटमध्ये त्याची विसंगती, म्हणजे शेजारच्या मूलद्रव्यांच्या मानानं कमी-जास्तपणा, अगदी क्षीण निघाली आणि पृष्ठभागावरच्या नमुन्यांत कुठे वर, कुठे खाली. झीज होताना सेरियम पुन्हा जागा बदलतं, त्यामुळे ते नमुने ह्या वादातून बाजूला ठेवले. गोंडाइटमध्ये ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम सोबत वाढत होते, म्हणजे गाळात जमिनीवरची माती नक्की होती. गरम झरे अजिबात नव्हते असं ह्यावरून म्हणता येत नाही, आणि मी म्हटलंही नाही.

व्हायवाला एक्सटर्नल सरांनी सेरियमला हातच लावला नाही. म्हणाले, "ते राहू द्या. बेरियम आलं कुठून ते सांगा." खोलवरच्या नमुन्यांपेक्षा पृष्ठभागावरच्यांत ते बरंच जास्त आहे, तेव्हा निदान मोठा वाटा झीज होतानाच आला असावा, आणि शेजारच्या शिस्ट ह्या पदरापदरांच्या खडकातलं फेल्डस्पार हे खनिज त्याचा संभाव्य पुरवठादार, असं मी सांगितलं. "शिस्टचा एक तरी नमुना तपासलात?" तपासला होता, तक्त्याच्या शेवटच्या ओळीत होता. सरांनी पान उलटून पाहिलं आणि हे सगळं निष्कर्षात घाला म्हणाले. परिच्छेद वाढला, पानांचे नंबर सरकले, बाइंडिंगचे पैसे दुसऱ्यांदा भरले.