बेंच व्हाइसच्या रेंडरमधील सावली : दिव्याचे माप आणि मॉडेलचे माप

फ्रीकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बेंच व्हाइसचे (टेबलावर बसवायच्या शिकंज्याचे) सगळे भाग जुळवून झाले असून आता ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनमध्ये त्याचे रेंडर, म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखे चित्र, करायला घेतले आहे. सध्या सगळे लक्ष सावलीवर आहे. ओतीव लोखंडाचा खरखरीतपणा, रंग, गंज या गोष्टी मुद्दाम पुढे ढकलून संपूर्ण मॉडेलला एकच राखाडी मटेरियल दिले आहे, कारण अशा साध्या चित्रात खोटी सावली लपून राहत नाही.

सावलीचा खरेपणा तिच्या कडेत असतो, असे माझे ठाम मत झाले आहे. वस्तू जिथे टेकलेली असते तिथे कड रेखीव असते आणि वस्तू पृष्ठभागापासून जितकी वर, तितकी कड पसरट होत जाते. उन्हे घरात येतात तेव्हा खिडकीच्या गजांकडे पाहावे. सूर्याचे बिंब आकाशात सुमारे ०.५३ अंश रुंद दिसते. त्यामुळे गजापासून सावलीपर्यंत उन्हाने कापलेल्या अंतराच्या साधारण १०८व्या भागाइतकी उपच्छाया (सावलीच्या कडेचा अर्धवट उजळ पट्टा) रुंद होते आणि १२ मिमी जाडीच्या गजाची पूर्ण काळी प्रच्छाया सुमारे १.३ मीटरच्या पुढे पोहोचतच नाही. म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर गज स्पष्ट उमटतात, तर खोलीत लांबवर त्यांचे नुसते फिकट पट्टे उरतात. ब्लेंडरच्या सन दिव्याला कोनाचे माप देता येते, तिथे ०.५३ अंश ठेवला की हा फरक आपोआप येतो, आणि शून्य ठेवला की जवळची व लांबची कड सारखीच कडक दिसते.

माझा व्हाइस मात्र टेबलावर, खोलीतल्या दिव्याखाली आहे, आणि तिथे खरी कसोटी लागते. एरिया दिवा (चौकोनी पृष्ठभागाचा दिवा) टेबलापासून १ मीटर उंच आणि त्याची बाजू ३०० मिमी ठेवली, तर टेबलाच्या वर ८० मिमीवर असलेल्या हँडलच्या दांड्याची उपच्छाया सुमारे २६ मिमी रुंद होते. दांडा स्वतः १० मिमी जाडीचा, म्हणजे त्याची सावली पूर्ण काळी कुठेच नाही. त्याच दिव्याखाली बैठकीच्या ५ मिमी उंचीच्या कडेची उपच्छाया मात्र जेमतेम दीड मिमीची असते. दिव्याची बाजू १०० मिमी केल्यावर दांड्याखाली सुमारे २ मिमी रुंदीची काळी रेघ परत आली आणि दांडा टेबलापासून किती वर आहे हे चित्रात वाचता येऊ लागले. हेच माप मी पुढे कायम ठेवणार आहे.

हे गणित जमायचे तर मॉडेलही खऱ्या मापाचे असावे लागते. फ्रीकॅड मिलिमीटरमध्ये बोलते, मॉडेल ब्लेंडरमध्ये नेणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये एकक नोंदलेलेच नसते, आणि ब्लेंडर आलेला आकडा मीटर समजून घेतो. त्यामुळे आयात करताना स्केल ०.००१ दिले नाही, तर १५० मिमीचा व्हाइस १५० मीटरचा होतो आणि त्याच्या तुलनेत आपला दिवा निव्वळ ठिपका ठरतो. सन दिव्याला याची झळ लागत नाही, कारण तो फक्त कोन जाणतो.

संगणक-चित्रणातले संशोधक टर्नर व्हिटेड यांच्या १९८० च्या रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवण्याच्या पद्धतीत) सावल्या कडकच होत्या. कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांनी १९८४ मध्ये किरण दिव्याच्या संपूर्ण क्षेत्रफळावर विखुरण्याची पद्धत मांडली आणि उपच्छाया चित्रात आली. सायकल्समध्ये आजही प्रत्येक किरण दिव्यावरचा एखादा बिंदू यादृच्छिकपणे निवडतो, म्हणून दाणेदारपणा सर्वांत जास्त उपच्छायेतच दिसतो. तो निम्मा करायचा तर सॅम्पल (दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) चौपट करावे लागतात. डीनॉइझरने (दाणे पुसणाऱ्या सोयीने) वेळ वाचतो खरा, पण जबड्यांवरच्या बारीक आडव्या-उभ्या खाचांतल्या सावल्या तो पुसून टाकतो, आणि त्या खाचांसाठी मी रात्रभर रेंडर चालू ठेवायला आनंदाने तयार आहे.

हँडलच्या टोकांवरच्या गोळ्यांवर उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर पायऱ्या पडत होत्या. स्मूथ शेडिंगमध्ये (सपाट त्रिकोणांची जाळी गुळगुळीत दाखवण्याच्या पद्धतीत) नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाच्या लंबदिशा, गोलाईने फिरतात, पण प्रत्यक्ष सावली सपाट त्रिकोणच पाडतात, हे त्याचे कारण. सायकल्समध्ये यासाठी शॅडो टर्मिनेटरची सेटिंग आहे, तरी मला मुळातच बारीक जाळी काढणे जास्त पटते : फ्रीकॅडमधून मेश (त्रिकोणांची जाळी) बनवताना पृष्ठभागाचे विचलन, म्हणजे जाळी खऱ्या गोलाईपासून किती हटू शकते ते माप, ०.१ वरून ०.०२ मिमीवर आणले, कोनाचे विचलनही कमी केले, आणि पायऱ्या गेल्या.

बैठकीच्या धारांना ०.५ मिमीचा फिलेट (गोलावा) दिल्याने टेबलाशी बारीक काळी फट तयार झाली आहे. व्हाइसला वजन आहे असे चित्रात वाटते ते तिच्यामुळेच. शिवाय कॅमेऱ्याबाहेर भिंती आणि छत उभे केले आहेत, म्हणजे सावलीच्या आत परावर्तित उजेड पोहोचतो. भिंतींना शुद्ध पांढरा न देता ०.८, म्हणजे ८० टक्के प्रकाश परतवणारा रंग, दिला आहे, कारण साधा पांढरा कागदही सगळा प्रकाश परतवत नाही.

आता जबड्यांना पोलादाचे मटेरियल द्यायचे आहे. घासलेले पोलाद आपल्या समोरच्या टेबलावर उजेडाचा पट्टा फेकते आणि तो नेमका हँडलच्या सावलीवर पडेल असे दिसते; तेव्हा ०.५ मिमीच्या फटीपासून दांड्याच्या सावलीपर्यंतचे सगळे रेंडर त्या मटेरियलसह पुन्हा तपासणार आहे.