चालू स्थितीत आहे, असं लिहून द्या

माझ्याकडे दुरुस्तीला येणारे बरेचसे मेटल डिटेक्टर बिघडलेले नसतातच. कॉइल शाबूत, केबल शाबूत, बॅटरीच्या कप्प्यात गंजाचा कण नाही, आणि सोबतच्या चिठ्ठीत मात्र लिहिलेलं असतं, ‘काहीच सापडत नाही’. असं यंत्र आलं की मी पेचकस खाली ठेवते आणि मालकाला खुर्ची देते. खरेदीतला बिघाड बोलूनच सापडतो.

त्या दिवशी आलेल्या काकांना दुरुस्तीही नको होती. तीन पेट्या एकीवर एक रचून आणल्या होत्या. म्हणाले, “ताई, तिन्ही तपासा आणि चालू स्थितीत आहेत असं सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. गिऱ्हाईक ठरलंय. त्याला कागद हवाय.”

काकांचं उभं आयुष्य जमिनीच्या मोजणीत गेलेलं. निवृत्तीनंतर हा छंद लागला, कारण कुठेतरी एरिक लॉज यांची गोष्ट वाचली. इंग्लंडमध्ये 1992 साली हा गृहस्थ शेतात हरवलेली मित्राची हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन गेला आणि त्याला रोमन काळातला खजिना लागला, जवळजवळ 15,000 नाणी. हातोडीही सापडली, तीसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हा किस्सा मी इतक्या गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलाय की तो सुरू झाला की पुढची तक्रार मला आधीच कळते. त्यातलं हातोडीचं कलम मात्र सगळे विसरतात. तो माणूस एका ठरावीक जागी हरवलेली एक ठरावीक वस्तू शोधत होता, आणि मेटल डिटेक्टर त्या कामाला खरोखर चांगला असतो.

पहिल्या पेटीत एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं साधं व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी फ्रीक्वेन्सीचं, यंत्र होतं. “हे घरात लावलं की नुसतं बोंबलतं,” काका म्हणाले. घरात बोंबलणारच. लादीखाली लोखंडी सळ्या, भिंतीत वायरी, पलंगाच्या गादीत स्प्रिंगा. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल असंच यंत्र घेऊन गेले होते, तेव्हा गादीतल्या पोलादी तारांनी त्यांनाही चकवलं होतं. म्हणून माझं तपासणीचं टेबल नुसत्या लाकडाचं आहे. एकही खिळा नाही, सगळे सांधे खुंट्या आणि सरस लावून जोडलेले. यंत्र त्यावर आडवं ठेवलं, कॉइल मोकळ्या हवेत, आणि समोरून तांब्याचं नाणं फिरवलं. खणखणीत आवाज. मग खिळा. घोगरा आवाज. ठणठणीत यंत्र.

“मग समुद्रावर काय होतं याला?”

ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहते. यंत्राला ती एक अजस्र, पसरट धातूची वस्तू वाटते. एकाच फ्रीक्वेन्सीच्या यंत्रात ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल वगळायची जुळणी, मातीतल्या लोहखनिजाशी जुळवा किंवा मिठाशी. किनाऱ्यावर दोन्ही एकत्र आली की ते भांबावतं. हे पेटीवर छापलेलं नसतं. पेटीवर लाटांमध्ये उभा असलेला माणूस छापलेला असतो. (अशा चित्रांनी माझं बरंच काम वाढवलंय. कित्येक यंत्रांत फक्त कॉइल जलरोधक असते, वरचा डबा नाही. लोक गुडघाभर पाण्यात जातात, आणि डबा उघडला की माझ्या टेबलावर वाळू पडते.)

दुसऱ्या पेटीत पल्स इंडक्शनचं यंत्र. समुद्रावरची फजिती टाळायला घेतलेलं, आणि त्या कामापुरती निवड चोख होती. हे यंत्र कॉइलमध्ये जोरदार झटका सोडतं, तो एकदम तोडतं आणि काही मायक्रोसेकंद थांबून ऐकतं. खाऱ्या पाण्यातले प्रवाह तोवर विरून गेलेले असतात, धातूतले अजून रेंगाळत असतात. पण कोणता धातू, ते हे यंत्र धडपणे सांगत नाही. आणि काका ते घेऊन किनाऱ्यावर किती गेले? सांधे दुखतात म्हणून जवळच्या एका पडक्या वाड्याच्या आवारात, मालकाला विचारून, फिरायला लागले.

त्यांनी वही काढली. मोजणीदाराची वही ती. हाताने आखलेले रकाने, तारीख, जागा, खोली सेंटिमीटरमध्ये, वस्तू. वस्तूच्या रकान्यात ओळीने खिळा, खिळा, तार, बिजागरी, खिळा. पुढच्या पानावर कंटाळून नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन रेघा. पडक्या घराच्या मातीत दुसरं काय निघणार? पहिलं यंत्र तिथे आणि दुसरं समुद्रावर नेलं असतं तर ही वही वेगळी झाली असती. मी तसं म्हणालेही. काकांनी पान उलटलं.

खोलीच्या रकान्यावर माझी नजर अडकली. एकही छोटी वस्तू फार खालून आलेली नव्हती. काकांनी हे यंत्र घेतलं तेच मुळी पेटीवर ‘2 मीटर’ छापलं होतं म्हणून. तो आकडा पिंपाएवढ्या वस्तूचा असतो. नाण्याचा हिशोब निर्दय आहे: अंतर दुप्पट झालं की छोट्या वस्तूचा सिग्नल साधारण 64 पटीने घटतो. जाताना कॉइलचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने पातळ होतं, परतताना पुन्हा तितकंच. म्हणून चांगल्या यंत्रालाही नाणं वीतभर खोलीच्या आसपासच नीट ऐकू येतं. “ताई, हा हिशोब मला आधी कुणी सांगितला असता तर...” काका म्हणाले आणि थांबले. दोन्ही यंत्रांचे कागद मी तिथल्या तिथे लिहून सही केली.

तिसरी पेटी त्यांनी स्वतः उघडली. आत पिस्तुलासारखी मूठ, पुढे लांबवता येणारी अँटेनाची दांडी, मुठीवर निळा दिवा, आणि ‘सोनं’ लिहिलेली काळी वडी खोचायला एक खाच. किलोमीटरभरावरून सोनं दाखवणारं यंत्र, असं वर्णन. आधीची दोन वीतभरसुद्धा धड पोहोचत नाहीत, या वैतागातून हे आलं. तीन पेट्यांत सगळ्यात महागही हेच.

“आधी चालवून दाखवा,” मी म्हणाले. बोटातली अंगठी काढून टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवली. काका दोन पावलं मागे सरले, मूठ छातीसमोर धरली, आणि दांडी संथपणे डावीकडे वळून अंगठीवर थांबली. बघताना माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मग त्यांना बाहेर उभं करून मी टेबलावर कागदी पेले उपडे घातले, एकाखाली अंगठी ठेवली. काका आत आले. दांडी फिरली, रेंगाळली, एका पेल्यावर थांबली. रिकामा. परत केलं. पुन्हा रिकामा. एकदा बरोबर लागलं तेव्हा मी नेमकी त्या पेल्याकडे बघत होते, म्हणून पुढच्या वेळी पेले मांडून मीच खोलीबाहेर गेले. त्यानंतर ती दांडी बहुतेक खिडकीकडे वळायला लागली.

“उघडू?” मी विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मान हलवली.

मुठीत दोन स्क्रू. आत बॅटरी, एक टिचभर सर्किट, त्यावरून दोन तारा निळ्या दिव्याला आणि दोन बझरला. दांडीचं बूड प्लास्टिकच्या कवचातल्या बेअरिंगमध्ये बसवलेलं, छान तेल दिलेलं. दांडीपासून सर्किटपर्यंत एकही तार नव्हती. वडीच्या खाचेत संपर्काच्या पितळी पट्ट्या असाव्यात तशा जागा होत्या, पट्ट्या नव्हत्या. वडी करवतीने कापली. आरपार काळं रेझिन. त्या तेल दिलेल्या बेअरिंगमुळे मनगट केसभर कललं तरी दांडी वळते, आणि जिथे सोनं आहे असं मनात असेल तिकडे मनगट आपोआप कलतं. धरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. काका कुणाला फसवत नव्हते.

हे काही नवं नाही. अमेरिकेत क्वाड्रो ट्रॅकर नावाच्या अशाच उपकरणावर 1996 मध्ये न्यायालयाने बंदी घातली. एडीई 651 तर बॉम्ब शोधायचं म्हणून इराकमधल्या तपासणी नाक्यांवर वापरलं गेलं. मुळात ते गोल्फचे चेंडू शोधायचं एक गमतीचं खेळणं होतं. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला ब्रिटनमध्ये 2013 साली 10 वर्षांची शिक्षा झाली. मी हे सगळं काकांना सांगितलं. सांगायला नको होतं का, असं क्षणभर वाटलं, कारण ते वहीची शेवटची पानं उघडून बसले होते. तिथे रकाने तेच, पण वस्तूचा रकाना कोरा आणि शेऱ्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा: ‘अजून खोल असावं.’

मग ते मूळ मुद्द्यावर आले. “लिहून द्या की दिवा लागतो, आवाज येतो, दांडी फिरते. यातलं काही खोटं आहे का?”

खोटं काहीच नव्हतं, आणि नेमकं तेच मला नको होतं. माझ्या शिक्क्याखाली ही तीन वाक्यं गेली की घेणारा चौथं वाक्य स्वतःच वाचणार. मी नाही म्हणाले. काका चिडले. माझे पैसे बुडाले ते बुडाले, त्याने काय करायचं ते तो बघेल, म्हणाले. मी म्हणाले, “काका, तुम्हाला हे विकणाऱ्यानेही असंच म्हटलं असेल.” हे जिव्हारी लागलं असणार. त्यांनी उघडी मूठ उचलून दांडीचं बूड पुन्हा एकदा पाहिलं, बोटाने तार चाचपली जी नव्हती, आणि खिशातून फोन काढून स्पीकरवर लावला.

गिऱ्हाईक तरुण वाटला, आवाजात घाई. काकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: आधीची दोन घे, कागद तयार आहेत, तिसरं पोकळ आहे, आत काही नाही, माझ्यासमोर उघडलंय.

“काका, सरळ सांगा ना, द्यायचं नाहीये,” तो म्हणाला. “काहीतरी लागलंय तुम्हाला. ठीक आहे, अजून वाढवून देतो. बोला.”

काकांनी फोन माझ्या हातात दिला. “ताई, तुम्हीच समजवा.” मी बेअरिंगपासून सुरुवात केली, तार नाही, वडीत रेझिन आहे, पेल्यांची परीक्षा घेतली, सगळं सांगितलं. त्याने मध्ये न तोडता ऐकून घेतलं आणि मग विचारलं, काकांनी यात माझा किती वाटा ठरवलाय.